बुरशीवरचे रसभुंगेरे: शोधायचे कसे, पाळायचे कसे आणि नोंद पक्की कशी करायची

भूछत्राच्या छत्रीखाली दडलेला दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा दिसला की फोटो काढला जातो, खाली ‘बुरशी खाणारा भुंगेरा’ असं लिहिलं जातं आणि विषय तिथेच संपतो. ती नोंद खोटी असेलच असं नाही. पण तो भुंगेरा तिथे खायला आला होता, आडोशाला बसला होता की त्याची अंडी-अळ्याच तिथे वाढतात, यातलं काहीच त्या फोटोवरून ठरत नाही. रसभुंगेऱ्यांच्या बाबतीत तर अजिबात नाही.

रसभुंगेरे म्हणजे निटिड्युलिडी कुळातले भुंगेरे. जगभरात त्यांच्या सुमारे ४,५०० प्रजाती माहीत आहेत. झाडाच्या जखमेतून झिरपणारा आंबलेला रस, सडकी फळं, फुलांतला पराग, साठवलेला सुकामेवा, वाळलेलं प्रेत, मधमाश्यांचं पोळं, मुंग्यांची वारुळं, यांपैकी कुठेही या कुळातलं कुणी ना कुणी सापडतं. त्यातल्या बऱ्याच जणांचं खरं नातं बुरशीशी किंवा यीस्टशी असतं, पण ते उघड दिसत नाही. युरोपातला सायक्रॅमस ल्युटिअस हा पिवळसर भुंगेरा फुलांवर पराग खाताना आढळतो आणि त्याच्या अळ्या मात्र आर्मिलेरिया या भूछत्रात वाढतात. फक्त फुलावरचा भुंगेरा पाहून कुणाला याचा पत्ता लागणार?

म्हणून या लेखात तीन प्रश्न वेगवेगळे ठेवले आहेत: भुंगेरा बुरशीवर आहे का, तो ती खातो का, आणि त्याची पिढी तिच्यात वाढते का. प्रत्येकाचा पुरावा वेगळा आणि मेहनतही वेगळी.

आधी कुळ नक्की करा

यासाठी दहापट मोठं दाखवणारं हातभिंग पुरतं. सगळ्यात आधी मिशा पाहा. रसभुंगेऱ्याच्या मिशीला ११ सांधे असतात आणि शेवटचे तीन एकमेकांना घट्ट चिकटून छोटी गोलसर गदा तयार होते. गदा सैल, लांबट किंवा पाच सांध्यांची वाटली तर शंका घ्या. दुसरी खूण पायाच्या टोकाशी. पावलाला पाच सांधे असतात; पहिले तीन बहुधा रुंद आणि खालून केसाळ, चौथा इतका बारीक की मोजताना सुटतो, आणि पाचवा लांब. तिसरी खूण पाठीवर. बऱ्याच प्रजातींत वरचे टणक पंख पोटाच्या टोकापर्यंत पोचत नाहीत, आखूड कोट घातल्यासारखे. कार्पोफिलस या प्रजातीसमूहात पोटाचे शेवटचे दोन खंड सरळ उघडे दिसतात.

पण पंख आखूड म्हणजे रसभुंगेरा, असं धरून चाललात तर फसाल. भूछत्रांवर सर्रास दिसणारे स्टॅफिलिनिडी कुळातले भुंगेरेही आखूड पंखांचे असतात. त्यांचं पोट लांब आणि लवचीक, डिवचलं की शेपटी वर उचलणारं, आणि मिशीला घट्ट गदा नाही. त्याच कुळातले स्कॅफिडिनी तर जास्तच फसवतात: चकचकीत, होडीच्या आकाराचे, पोटाचं टोक निमुळतं, पाय काटकुळे. हिस्टेरिडी टणक, काळे आणि आखूड पंखांचे. त्यांची मिशी मात्र कोपरात वाकवल्यासारखी मोडलेली. लाकडावरच्या कडक बुरशीत भोकं पाडणारे सिइडी नळकांड्यासारखे असतात आणि त्यांच्या पावलाला चारच सांधे. रंगीबेरंगी एरोटिलिडींचे पंख पोट पूर्ण झाकतात आणि गदा बहुधा सैल असते.

अळीचीही ओळख हवी, कारण पुढचं सगळं काम तिच्यावरच आहे. रसभुंगेऱ्याची अळी पांढुरकी किंवा फिकट पिवळी, डोकं तपकिरी, पुढे पायांच्या तीन जोड्या, आणि बहुतेकींच्या शेपटीवर वर वळलेली दोन छोटी शिंगं. ही शिंगं शरीराशी घट्ट जोडलेली असतात, हलत नाहीत. स्टॅफिलिनिडींच्या अळीलाही मागे दोन उपांगं असतात, पण ती सांध्यावर हलतात आणि अळी तुरुतुरु पळते. पायच नसलेली, काळ्या डोक्याची, अर्धपारदर्शक अळी दिसली तर ती बुरशीमाशीची. ती बाजूला ठेवा.

कोणत्या बुरशीत आणि कोणत्या अवस्थेत

नवशिके ताजं, देखणं भूछत्र शोधतात. रसभुंगेऱ्यांसाठी मात्र बुरशीच्या जातीइतकंच तिचं वय महत्त्वाचं असतं. आज कोवळं असलेलं भूछत्र दोन-तीन दिवसांनी पूर्ण उमलतं, आणखी काही दिवसांनी काळं पडून पाघळतं, आणि दर टप्प्याला पाहुणे बदलतात. त्यामुळे एकाच भूछत्राकडे पुन्हा पुन्हा जाणं हे दहा नवी भूछत्रं एकदाच पाहण्यापेक्षा जास्त उपयोगी. शेजारी काडी रोवून क्रमांक द्या आणि परत या.

पफबॉल, म्हणजे गोल चेंडूसारख्या भूछत्रात, पोकॅडियस राहतो. गोलसर, फुगीर, तांबूस-तपकिरी आणि पाठीवर ओळीने उभे केस असलेला हा भुंगेरा. पफबॉल कापल्यावर आत पांढरा, घट्ट गर असेल तर सहसा हाताला काही लागत नाही. गर पिवळसर-हिरवट होऊन मऊ पडू लागला किंवा त्याची भुकटी झाली की बघायचं. हे भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या त्या बीजाणूंच्या भुकटीतच राहतात आणि तीच खातात.

धिंगरी, म्हणजे लाकडावर शिंपल्यासारखी उगवणारी प्ल्युरोटस, ही सायलोडेसची जागा. हा जवळजवळ अर्धगोल, गुळगुळीत आणि चकचकीत; बोटाने धरायला गेलात तर निसटतो. धिंगरीची लागवड करणाऱ्यांना तो छत्रीखालच्या पातळ पट्ट्या (गिल्स) कुरतडणारी कीड म्हणून माहीत असतो. पट्ट्यांच्या इतर भूछत्रांवर त्याचाच नातेवाईक पॅलोडेस मिळतो. फॅलस गटातली दुर्गंधी सोडणारी भूछत्रं असतात, त्यांच्या चिकट, बीजाणूंनी भरलेल्या लगद्यावर उत्तर अमेरिकेत सायलोपायगा येतो. थॅलिक्राचं नातं जमिनीखाली वाढणाऱ्या बुरशीशी आहे. तो नुसतं फिरून क्वचितच दिसतो, उडत्या कीटकांच्या सापळ्यातच जास्त मिळतो.

याखेरीज एक मोठा गट असा आहे, ज्यांची बुरशी आपल्या डोळ्यांना बुरशी वाटतच नाही. सालीखालचा बुरशीचा थर, आंबलेला झाडाचा रस, फळातलं यीस्ट. एप्युरिया, ग्लिश्रोकायलस आणि कार्पोफिलसच्या अनेक प्रजाती इथल्या. अमेरिकेतला ओकमर रोग हे याचं सगळ्यात चांगलं अभ्यासलेलं उदाहरण. तो घडवणारी ब्रेट्झिएला फेगेसिएरम ही बुरशी मेलेल्या ओकच्या सालीखाली गादीसारखी वाढते, मधोमध उशीसारखा फुगवटा तयार करून साल फोडते आणि फळासारखा वास सोडते. त्या वासाने रसभुंगेरे आत शिरतात, अंगावर बीजाणू घेऊन निघतात आणि दुसऱ्या झाडाच्या ताज्या जखमेवर रस प्यायला बसतात. एवढंच नाही, एका गादीवरून दुसरीवर जाताना वेगळ्या लैंगिक प्रकारांचे बीजाणू एकत्र आणून ते बुरशीचं फलनही घडवतात. म्हणूनच त्या भागात वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओक छाटू नये आणि जखम झालीच तर लगेच रंग लावून बुजवावी, असा सल्ला दिला जातो. मधमाशीपालकांचा शत्रू असलेला इथिना ट्युमिडा हाही याच कुळातला; त्याच्यासोबत कोडामिया ओमेरी हे यीस्ट फिरतं, ते पोळ्यातल्या परागावर वाढतं आणि त्याच्या वासाने आणखी भुंगेरे येतात.

सोबत काय घ्यायचं

हातभिंग, टोकदार मऊ चिमटा, बारीक कुंचला, पांढरा ट्रे किंवा कापड, दोन-तीन मिलिमीटर छिद्रांची चाळणी, झाकणाच्या छोट्या कुप्या, कागदी पिशव्या, चाकू, पेन्सिल. भूछत्र प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका. काही तासांत ते पाघळतं आणि अळ्या गुदमरतात. संरक्षित जंगलात कीटक आणि बुरशी गोळा करायला परवानगी लागते, ती आधी काढा.

आणि मास्क. पफबॉलवर काम करताना हा ऐच्छिक नाही. बीजाणूंची भुकटी मोठ्या प्रमाणात श्वासात गेली तर फुप्फुसाला सूज येते. या आजाराला लायकोपर्डोनोसिस असं नावही आहे.

जागेवरचं काम

भूछत्राला हात लावण्याआधी फोटो काढा: वरून, बाजूने, छत्रीच्या खालून आणि देठाच्या बुडाचा. ते जमिनीवर आहे की लाकडावर, लाकूड कोणत्या झाडाचं, हे तिथेच लिहा. मग खाली ट्रे धरून छत्रीवर दोन-तीनदा टिचकी मारा. बसलेले, लपलेले भुंगेरे टपटप पडतात. जे पडतात ते बरेचदा पाहुणे असतात. घरातले लोक आत असतात, म्हणून त्यानंतर भूछत्र उभं चिरा आणि देठ, गर, पट्ट्यांचं मूळ नीट तपासा. बोगदे, ओलसर भुसा, कुरतडलेल्या कडा दिसल्या तर त्यांचाही फोटो घ्या. टिचकीने पडलेले एका कुपीत आणि आतून निघालेले दुसऱ्या कुपीत. या दोघांची सरमिसळ झाली तर निम्मी माहिती गेली म्हणून समजा.

पफबॉल मात्र ट्रेवर ठेवून हळूच दोन भाग करायचा. आतली भुकटी पहिल्यांदा अगदी निर्जीव वाटते. तिच्याकडे मिनिटभर नुसतं पाहत राहा. कुठेतरी भुकटी आतून उचलली जाते, खचते, मग त्याच रंगाचा एक गोळा चालू लागतो: अंगावरच्या केसांत बीजाणू इतके गच्च बसलेले असतात की भुंगेरा थांबला की परत दिसेनासा होतो. कुंचल्याने तो उचलायचा. चिमट्याने धरलं तर केस झडतात आणि ओळखीची खूण जाते. उरलेली भुकटी चाळून घेतली की अळ्या वर राहतात.

सगळी भूछत्रं उपटू नका. एका झुबक्यातलं एखादं-दुसरं पुरतं.

खातो का? पोटात बघा

हा टप्पा लोक टाळतात, कारण सूक्ष्मदर्शक लागतो. पण ४०० पट मोठं दाखवणारा कुठल्याही शाळा-कॉलेजातला सूक्ष्मदर्शक चालतो आणि पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं. एक अट: भुंगेरा पकडल्यावर लवकर मारायला हवा. रात्रभर रिकाम्या कुपीत ठेवला तर पोट रिकामं होतं आणि तुम्ही ‘खात नाही’ असा उलटा निष्कर्ष काढाल. घरी आल्या आल्या कुपी फ्रीझरमध्ये ठेवा.

मेलेला भुंगेरा आधी स्पिरिटमध्ये दोन-तीनदा खळबळून धुवा. अंगावर चिकटलेले बीजाणू काचपट्टीवर आले तर ते पोटातले आहेत की बाहेरचे हे सांगता येत नाही. मग काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात भुंगेरा, एका सुईने छाती दाबून धरायची आणि चिमट्याने पोटाचं टोक हलकेच मागे ओढायचं. आतडं फिकट नळीसारखं बाहेर येतं. ते नवीन थेंबात घ्या, वर पातळ काच ठेवून किंचित दाबा आणि बघा.

तुलनेसाठी त्याच भूछत्राच्या बीजाणूंची पट्टी शेजारी असलीच पाहिजे. छत्री कागदावर पालथी घालून रात्रभर झाकून ठेवली की बीजाणूंचा ठसा उमटतो. त्यातला कणभर पुरे. लायकोपर्डॉन या पफबॉलचे बीजाणू गोल, साधारण ३.५ ते ५ मायक्रॉनचे आणि खरखरीत असतात. आतड्यात तसेच गोल दाणे खच्चून भरलेले दिसले तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. बीजाणूंऐवजी बुरशीचे तुटके धागे दिसले तर तो गर खातो. परागकण दिसले तर तो इथे येण्याआधी फुलावर जेवला होता, आणि हेही लिहून ठेवण्यासारखं आहे.

वाढतो का? पाळून बघा

खरी परीक्षा ही. बुरशीत अळी सापडणं चांगलं, पण अळीवरून प्रजाती सांगणं बहुतेक वेळा अशक्य असतं. अळीपासून प्रौढ निघाला तरच ‘ही प्रजाती या बुरशीत वाढते’ असं म्हणता येतं.

पारदर्शक डबा घ्या. झाकणाला मोठं भोक पाडून त्यावर बारीक विणीचं कापड किंवा जाळी चिकटवा. साधी मच्छरदाणी चालत नाही, पहिल्या अवस्थेतल्या अळ्या तिच्यातून आरामात जातात. तळाशी माती आणि वाळू सारख्या प्रमाणात मिसळून तीन-चार सेंटिमीटरचा थर द्या. ही माती आधी भट्टीत किंवा तव्यावर चांगली तापवून गार केलेली असावी, नाहीतर महिन्याभराने निघालेला भुंगेरा मातीतल्याच अंड्यातून आलेला नाही हे कशावरून? मग पाणी शिंपडून ओल आणा: मूठ दाबली की गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. वर छोट्या जाळीच्या तुकड्यावर बुरशी ठेवा.

एका डब्यात एकाच भूछत्राचा तुकडा. दोन जाती एकत्र ठेवल्या की सगळा खटाटोप फुकट.

डब्यात टाकण्याआधी अळ्यांची वाटणी करा. थोड्या लगेच जतन करायच्या, बाकीच्या वाढवायच्या. पुढे प्रौढाचं नाव कळलं की जतन केलेल्या अळ्यांनाही बहुधा नाव मिळतं, आणि अळ्यांची वर्णनं या कुळात इतकी कमी आहेत की अशा जोडीला अभ्यासकांकडे मोठी किंमत असते. अळ्या थेट स्पिरिटमध्ये टाकल्या तर काळ्या पडतात आणि आकसतात. उकळी येण्याच्या थोड्या आधीच्या गरम पाण्यात काही सेकंद बुडवून मग ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायच्या.

डबा सावलीत, खोलीच्या साध्या तापमानाला ठेवा आणि रोज उघडा. मऊ भूछत्र लवकर पाघळतं. तसं झालं की त्याच जातीचा, त्याच ठिकाणचा ताजा तुकडा शेजारी ठेवा, अळ्या आपणहून सरकतात. नवीन तुकडा आधी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवलेला बरा, म्हणजे त्यातून नवे पाहुणे येत नाहीत. पफबॉलचं काम सोपं, तो आठवडे टिकतो. फक्त तो कोरडा आणि माती ओली ठेवायची. हिरवी-काळी बुरशी डब्याच्या भिंतीवर चढली तर पुसून घ्या आणि हवा वाढवा. कोळी-किडे, म्हणजे माइट्स, वाढले तर अळ्या कुंचल्याने उचलून नव्या डब्यात हलवा. उपचार करत बसण्यात अर्थ नाही.

एक दिवस अळ्या खाणं सोडून भिंतीवर चढउतार करताना दिसतील. घाबरून जाऊ नका. पूर्ण वाढलेली अळी बुरशी सोडते आणि मातीत शिरून छोटी पोकळी करून कोष करते. इथून पुढे माती उकरायची नाही. किती दिवस लागतील हे प्रजातीवर आणि उष्णतेवर अवलंबून; कार्पोफिलससारख्या झटपट वाढणाऱ्या प्रजाती ऊबदार हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास तीन-चार आठवड्यांत उरकतात, थंड हवेतल्या काही प्रजाती बरेच महिने मातीत काढतात. काहीच निघालं नाही म्हणून डबा फेकून देण्याची घाई नको, मातीची ओल तेवढी सांभाळा.

नुकताच निघालेला भुंगेरा फिकट आणि मऊ असतो. त्याला चार-पाच दिवस जगू द्या, रंग पक्का होऊ द्या, मग मारा. मऊ असताना जतन केला तर आक्रसतो आणि ओळखता येत नाही.

आंबलेल्या पिठाचा सापळा

गव्हाचं पीठ, थोडी साखर, बेकरीचं यीस्ट आणि पाणी मिसळून केलेला सैल गोळा आंबायला लागला की कार्पोफिलस आणि ग्लिश्रोकायलस त्यावर तुटून पडतात. बाटलीला पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडा, गोळा कापडात बांधून आत लटकवा, तळाशी साबणाचं पाणी ठेवा. तीन-चार दिवसांनी पीठ बदला. परिसरात कोण आहे हे यातून पटकन कळतं. कोणती बुरशी कुणाची, याबद्दल मात्र सापळा अवाक्षर सांगत नाही, त्यामुळे त्यातल्या भुंगेऱ्यांसमोर बुरशीचं नाव लिहू नका.

नाव, जतन आणि चिठ्ठी

फोटोवरून प्रजातीसमूहापर्यंत पोचता येतं, पुढे क्वचितच. एप्युरियासारख्या चपट्या, पिवळसर-तपकिरी प्रजाती एकमेकांसारख्या इतक्या दिसतात की नराचं जननांग काढून पाहिल्याशिवाय जाणकारही नाव देत नाहीत. त्यासाठी पोटाचं टोक १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये काही तास भिजवतात, म्हणजे मऊ भाग विरघळून कठीण भाग उरतो. हे रसायन कातडी जाळतं, हातमोजे घाला. काही भुंगेरे त्रिकोणी पुठ्ठ्याच्या टोकावर चिकटवून सुके ठेवा, काही ७० टक्के अल्कोहोलमध्ये, आणि डीएनएसाठी एक-दोन ९५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोलमध्ये घालून फ्रीझरमध्ये.

भूछत्रही जपायचं, आणि हे भुंगेऱ्यांवाले हमखास विसरतात. साधारण ४० अंश सेल्सिअसला, हवा खेळती ठेवून ते कडकडीत वाळवा आणि बीजाणूंच्या ठशासह पाकिटात ठेवा. उद्या बुरशीचं नाव बदललं किंवा तुमची ओळख चुकली तरी पाकीट उघडून पुन्हा तपासता येतं. भुंगेरा, अळ्या, काचपट्टी आणि भूछत्र या चौघांना एकच क्रमांक द्या.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा; बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव हे नेहमीचं. त्याखाली बुरशीचं नाव, ते कुणी ओळखलं, बुरशीची अवस्था, ती कशावर उगवली होती, आणि भुंगेरा टिचकीने पडला की आतून निघाला. शेवटच्या ओळीत पुराव्याची पातळी, मोजक्या शब्दांत: ‘बुरशीवर आढळला’, ‘पोटात त्याच बुरशीचे बीजाणू’, किंवा ‘याच भूछत्रातल्या अळीपासून प्रौढ निघाला, डबा क्रमांक अमुक’. पहिल्या पातळीच्या पुढे गेला नसाल तर पहिलीच लिहा.